भागीच्या नवऱ्याचं नाव

मॉरिशस बेटाला स्वतःची भुतं नाहीत. कोकणातल्या माणसाला हे सांगून पटायचं नाही. तिकडे वडाला एक, पिंपळाला एक, विहिरीला दोन असा सढळ कारभार असतो. पण ज्या बेटावर मुळात माणूसच राहत नव्हता, तिथे भूत येणार कुठून? आधी डच आले. त्यांनी बेटाला आपल्या राजपुत्राचं नाव दिलं, त्यांच्या पायगुणाने डोडो पक्षी संपला आणि शेवटी तेही कंटाळून चालते झाले. मग फ्रेंच आले. त्यांनी मादागास्कर आणि मोझांबिकहून माणसं गुलाम करून आणली आणि उसाचे मळे वाढवले. मग इंग्रज आले. त्यांच्या राज्यात गुलामी बंद झाली, पण ऊस तोडायला माणूस हवाच होता, म्हणून कलकत्ता, मद्रास आणि मुंबईच्या बंदरांतून करारावर मजूर आणले गेले. त्यांतलेच काही रत्नागिरीकडचे. या सगळ्यांनी आपापले देव आणले, आपापली भाषा आणली आणि गाठोड्याच्या तळाशी आपापली भुतंही आणली. त्यामुळे त्या बेटावर जे कुणी कुणाला झपाटतं, ते घरचंच असतं.

आता स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षं होत आली होती आणि या ठिपक्याएवढ्या देशाला जगात मान आला होता. जमीन मूठभर, पण भोवतीचा समुद्र अफाट, आणि कायद्याने तो समुद्र त्याचा. आफ्रिका आणि आशियाला जोडणाऱ्या केबली त्याच्या तळाशी, मोठ्या जहाजांच्या वाटा त्याच्या दारावरून. बड्या देशांचे वकील पोर्ट लुईला येऊन गोड बोलत. बुडत्या बेटांच्या गटाचं पुढारपणही मॉरिशसकडेच आलं होतं. सगळ्यांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलायचं आणि कुणाच्याच खिशात जायचं नाही, हे या देशाला चांगलं जमतं. तीन खंडांची माणसं एका गल्लीत राहायला लागली की ते शिकावंच लागतं.

ल मोर्न डोंगराच्या पायथ्याला, समुद्राला लागून, पोंत-कोको नावाचं गाव होतं. निम्मी घरं मराठी, निम्मी क्रेओल, म्हणजे त्या गुलामांच्या वंशजांची. समुद्राने गावाचा रस्ता गिळला, मग शाळेचं मैदान गिळलं आणि एका वादळात तो जुन्या स्मशानभूमीत शिरला. ऊसमळ्याच्या काळात मजुरांना दहन करू देत नसत, मेलेल्याला पुरावं लागे. लाटांनी माती ओढून नेली आणि वाळूत हाडं उघडी पडली.

त्यांतल्या एका बाईची कवटी, जबडा आणि मानेची हाडं जवळजवळ शाबूत होती. तिच्या दातांतून मिळालेला वंशाचा धागा गावातल्या रावजी गुणाजी या म्हाताऱ्याशी जुळला. ती त्याच्या पणजोबांची आई, भागी. जहाजातून उतरली तेव्हा काढलेला तिचा फोटोही सरकारी संग्रहात सापडला. डोक्यावर पदर, आणि नजर अशी की फोटो काढणाऱ्याचं काहीतरी चुकलंय.

आणि अशा वेळी सरकारकडे 'लाव्वा' तयार होतं.

लाव्वा म्हणजे क्रेओल भाषेत आवाज. यंत्र तसं समजायला सोपं होतं. माणसाचा आवाज गळ्यात उठतो, पण त्याला रूप येतं ते घसा, टाळू, जबडा आणि नाक यांच्या पोकळीतून. बासरीची लांबी आणि भोकं कळली की सूर सांगता येतो, तसंच. हाडांची बारीक मोजणी करून यंत्र ती पोकळी पुन्हा उभी करी, दातांतल्या खुणांवरून बालपणीचं पाणी आणि अन्न ओळखी, आणि त्या व्यक्तीच्या गावची, काळाची बोली तिच्यात भरी. मग तिला प्रश्न विचारले की ती उत्तर द्यायची. ती जे बोलायची ते तिच्यासारख्या बाईने बोललं असतं असं काहीतरी असायचं, एवढंच.

"हाडांत आठवण नसते," हे यंत्र बांधणारी ओदिल प्रत्येक पाहुण्याला बजावून सांगायची. ओदिल पोंत-कोकोचीच, क्रेओल घरातली, रावजीच्या मुलीची, वासंतीची, बालमैत्रीण. "हा आवाज आहे. ही बाई नाही."

पाहुणे मान डोलवायचे आणि लगेच यंत्राला वाकून नमस्कार करायचे.

वासंती कॉलेजात मराठी शिकवायची आणि गरज पडली की सरकारी दुभाष्याचं काम करायची. रत्नागिरीची जुनी बोली, बेटावर येऊन थोडी खारट झालेली, आता बोलणारे बोटांवर मोजण्याइतके उरले होते. तेव्हा भागीला भाषा देण्याचं काम ओघानेच तिच्याकडे आलं. काम साधं नव्हतं. महासागर परिषदेपुढे बेटांची मागणी अशी होती की ज्या देशांनी साखरेसाठी या बेटांवर माणसं आणून टाकली, त्यांनी आता किनारे वाचवायचा खर्च उचलावा. प्रत्येक बेट एक साक्षीदार आणणार होतं, मेलेला. मॉरिशसची साक्षीदार भागी. परिषदेने हो म्हटलं तर पोंत-कोकोला समुद्राची भिंत मिळणार, नाहीतर दोन पावसाळ्यांत गाव उठवायचं, हे ठरून गेलं होतं. मेलेल्यांची साक्ष मान्य करताना परिषदेने एक कडक नियम घातला होता: साक्षीदाराच्या आवाजात त्याच्या काळानंतरच्या कुणाही माणसाचं काही मिसळलेलं नसावं. तसं आढळलं, तर साक्ष रद्द आणि आवाज पुसून टाकायचा. वासंतीने तशी शपथ घेतली.

आणि मोडली.

झालं असं की भागीच्या काळाच्या जवळपासच्या बोलीच्या ध्वनिफिती म्हणून जे सापडलं, ते तासाभराचंही नव्हतं. खरखर जास्त, शब्द कमी. त्यावर वाढलेली भागी विमानतळावरच्या घोषणेसारखी बोलायची. वासंतीने तीन महिने कष्ट घेतले, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मंत्री आले, ऐकून म्हणाले, "हिच्यासाठी कोण रडणार?" त्या संध्याकाळी वासंतीने घरच्या कपाटातून आईच्या ध्वनिफिती काढल्या.

तिची आई, गोदावरी, सहा वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या वर्षात वासंती तिच्या उशाशी रेकॉर्डर ठेवून बसायची. बोलीचा कोश करायचा आहे, असं लोकांना सांगायची. गोदावरी बोलायला खमकी, एकदा सुरू झाली की शेजारचे वांग्याचं भरीत गॅसवर विसरून ऐकत बसायचे. तिच्या बोलण्याचे चाळीसेक तास जमले होते. वासंतीने ते सगळे यंत्राला दिले आणि ओदिलला सांगितलं की भागीच्या काळाच्या जवळपासच्या आणखी फिती सापडल्या, जुन्या बायकांच्या ओव्या-गप्पा आहेत. गावासाठी दिले, असं ती स्वतःला समजावत राहिली. खरं तर तिला आईचा आवाज ऐकायचा होता, आणि कपाटातल्या फिती ऐकायचा धीर तिला सहा वर्षांत एकदाही झाला नव्हता.

चार दिवसांनी भागीने पहिल्यांदा माणसासारखा उसासा टाकला. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वासंती बाहेर जाऊन पायरीवर बसली.

बोली बरोबर उतरली की नाही हे तपासायला कुणीतरी म्हातारं माणूस हवं, म्हणून लाव्वाचा एक छोटा डबा रावजीच्या घरी स्वयंपाकघरात बसवला. रावजी ऐंशीच्या पुढचा, उभा जन्म साखर कारखान्यात फिटर म्हणून काढलेला, यंत्राला न घाबरणारा माणूस. पहिल्या दिवशी त्याने डब्याच्या चारही बाजू पाहिल्या, खुर्ची ओढली आणि पणजोबांच्या आईला विचारावं तसं अदबीने विचारलं, "आजी, वाईच बोला."

"खाल्लास काय?" डबा म्हणाला.

वासंतीने विचारलं, "बोली बरोबर आहे ना, बाबा?"

"बरोबर हाय," तो म्हणाला आणि उठून अंगणात गेला. बराच वेळ आत आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो स्वयंपाकघरातून हलेना. सकाळी चहा तिथे, पेपर तिथे, दुपारची डुलकी तिथे. देवळाच्या मंडळाची माणसं आली तर त्यांना ओटीवरूनच कटवायचा. वासंती कॉलेजातून घरी यायची तेव्हा आतून बोलण्याचा आवाज येत असायचा. ती दारात आली की बोलणं थांबायचं. आधी वाटलं, म्हातारा एकटा आहे, रमलाय. मग एकदा तिने ओट्यावर दोन कप पाहिले. दुसऱ्या कपातल्या चहावर साय धरली होती.

"बाबा, ती भागीआजी आहे," वासंती म्हणाली. "म्हणजे तीसुद्धा नाही. यंत्र आहे."

रावजीने साय बोटाने काढून टाकली. "मी कारखान्यात चाळीस वरसा काडली बाय. बॉयलरचा आवाज ऐकून सांगायचो खयचा नट सैल हाय. बायकोचा आवाज वळखाया मला तुजा कालेज नको."

वासंतीने तो दुसरा कप उचलून मोरीत ठेवला.

"कसा केलास ता मी इचारत नाय," तो म्हणाला. "फक्त परत न्यू नको."

त्या घरात मग दोघंही एकमेकांशी कमी आणि डब्याशी जास्त बोलू लागले, आणि तेही एकमेकांच्या नकळत. वासंती पहाटे उठून भाकरीचं पीठ मळताना आईला काहीबाही सांगायची. "पीठ सैल झाला," असं डबा म्हणायचा. पीठ सैल झालेलं असायचं असं नाही, पण तिचा हात थांबायचा. गोदावरी गेल्यावर त्या घरात जी शांतता बसली होती, ती बरी होती असं तिला कधी कधी वाटे. निदान ती प्रश्न विचारत नव्हती.

आणि एक प्रश्न तर सगळ्या जगात गेला.

साक्षीच्या आधी सरकारने भागीच्या बोलण्याचा एक तुकडा प्रसिद्ध केला. तिला विचारलं होतं, तुला काय हवं? ती म्हणाली होती, "मला घरी कदी नेशील गो?"

एवढंच. पण ते वाक्य वणव्यासारखं पसरलं. फिजीत लोक ते म्हणत रस्त्यावर आले, त्रिनिदादमध्ये त्याची गाणी झाली, पोर्ट लुईच्या प्रत्येक बसवर पाच भाषांत ते रंगवलं गेलं. विद्वानांनी लेख लिहिले. त्या 'गो'वर तर फार चर्चा झाली. कुणी म्हणालं, ती भारतमातेला हाक मारते आहे, कुणी म्हणालं, समुद्राला.

वासंतीला ठाऊक होतं कुणाला ते. इस्पितळातली दुपार होती, उशाशी रेकॉर्डर चालू होता. डॉक्टर म्हणाले होते, घरी नेलंत तर दोन दिवस, इथे ठेवलंत तर कदाचित दोन महिने. गोदावरीने लेकीचा हात धरून विचारलं, आणि वासंती म्हणाली, "उद्या बघू." इस्पितळात दोन आठवडे निघाले. घरी नेलं ते गेल्यावर. आता तो प्रश्न बसवर चढून तिच्या पुढून जायचा, दुकानाच्या काचेवरून बघायचा, कॉलेजच्या पोरींच्या सदऱ्यांवर छापून वर्गात येऊन बसायचा. ती शिकवता शिकवता फळ्याकडे तोंड फिरवायची.

साक्षीला आठवडा उरला असताना ओदिलने तिला बोलावून घेतलं. दार लावलं आणि विचारलं, "वासंती, दीडशे वर्षांपूर्वी मेलेली बाई मला काल विचारत होती, कुकरच्या शिट्ट्या झाल्या का. त्या कुणाच्या फिती आहेत?"

वासंतीने सांगितलं. लपवून उपयोगही नव्हता. "काढून टाक त्या," ती शेवटी म्हणाली. "मी जबाबदारी घेते."

ओदिल खिडकीशी गेली. तिथून ल मोर्नचा डोंगर दिसत होता, ज्याच्या कड्यांवर पळालेले गुलाम लपून राहत. "त्या काढल्या तर काय उरतं ते तूही ऐकलंयस, मीही," ती म्हणाली. "तुला एक सांगू? माझ्या माणसांची हाडंसुद्धा नाहीत. जहाजावर चढवताना नाव पुसलं, मळ्यावर दुसरं लावलं, मेल्यावर कुठे टाकलं ते देवाला माहीत. माझ्या गावची भिंत मागायला माझं भूत येऊ शकत नाही. म्हणून तुझं चालवून घेतेय."

"चूक आहे हे, ओदिल."

"आहेच. कुकर, फोन, बस, नंतरच्या काळातला एकेक शब्द मी गाळून टाकते. बाकीचं तू सांभाळ."

ओदिलने चाळणी लावली. कुकर गेला, टीव्ही गेला, शुगरची गोळी गेली. नावं मात्र चाळणीतून खाली पडत नाहीत. गोदा, बाळा, रावजी ही नावं दीडशे वर्षांपूर्वीही होती आणि आजही आहेत. यंत्राला त्यांचं वय कसं कळणार? हे त्या दोघींच्या ध्यानातच आलं नाही.

परिषद पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या मोठ्या सभागृहात भरली. देशोदेशीचे प्रतिनिधी, कॅमेरे, कानाला लावायची यंत्रं. वासंती काचेच्या खोलीत बसली. भागीचं बोलणं ती इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये सांगणार आणि तिथून ते जगातल्या सगळ्या भाषांत जाणार. शेजारी ओदिल. समोर पहिल्या रांगेत वंशज म्हणून रावजी, लग्नात शिवलेल्या कोटात, जो आता त्याला दोन माणसांइतका मोठा होत होता. व्यासपीठावर भागीचा तो फोटो आणि त्याच्या खाली ध्वनिक्षेपक.

ज्यांच्याकडून खर्च मागायचा त्या देशांच्या बाजूने एक उंच, सभ्य बाई उठल्या. त्यांनी आवाजाला नमस्कार केला, हे वासंतीला आवडलं. साक्षीदाराची ओळख पटवण्यासाठी चार साधे प्रश्न विचारणार, असं त्या म्हणाल्या.

"तुमचं नाव?"

"भागी." हे शिकवलेलं होतं.

"गाव?"

भागीने गाव सांगितलं, नदी सांगितली, नदीला भरती येते तेव्हा पाणी खारट होतं हेही सांगितलं. लोक माना हलवू लागले.

"तुमच्या पतीचं नाव?"

आवाज थांबला. सभागृहात कुणी खोकलं. मग ध्वनिक्षेपकातून हलकं हसू आलं. "अगो बाय! ता कसा घ्यायचा?"

वासंतीला हायसं वाटलं. तिने समजावून सांगितलं, आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. म्हणून तर जहाजावरून उतरल्यावर कारकुनांनी विचारलं तेव्हा कित्येक बायका गप्प राहिल्या आणि कारकुनांनी मनाला येईल ते नाव लिहिलं. सभागृह हसलं. त्या उंच बाईही हसल्या. दान आपल्या बाजूने पडलं, असं मंत्र्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

अध्यक्ष एक वयस्क, हौशी गृहस्थ होते. ते म्हणाले, "साक्षीदाराचा मान राखू या. त्यांच्या रीतीत नाव घेण्याचा काही योग्य मार्ग असेल, तर त्यांनी त्या मार्गाने घ्यावं."

वासंतीने तो प्रश्न बोलीत उतरवला. उतरवतानाच तिला घाम फुटला, कारण योग्य मार्ग एकच असतो आणि तो तिला माहीत होता. पण प्रश्न तोंडातून गेला होता.

भागीने घसा साफ केला, गोदावरी करायची तसा, आणि ठसक्यात उखाणा घेतला:

"मोर्नच्या डोंगरार ढगांची सावली, रावजींचा नाव घेतंय, साक्षीला माउली."

पहिल्या रांगेत रावजीचं डोकं वर आलं.

सगळं जग वासंतीच्या तोंडाकडे पाहत होतं. तिच्या कानात त्या यंत्राची बारीक गुणगुण चालू होती. भागीच्या नवऱ्याचं नाव गुणाजी. ते जहाजाच्या कागदांत होतं, तिच्या स्वतःच्या आडनावात होतं, समोरच्या प्रत्येकाच्या हातात छापून दिलेलं होतं. खरं सांगायचं तर सांगायला हवं होतं की ही बाई भागी नाही, हिचं नाव गोदावरी, ही सहा वर्षांपूर्वी वारली आणि ही माझी आई आहे. मग भिंत नाही, गाव नाही. ओदिलचं घर नाही. आणि आवाज जागच्या जागी पुसला जाणार. खोटं सांगितलं तर आवाज राहील, पण भागीचा म्हणून. कारकुनाने कधीकाळी जे केलं तेच ती करणार होती, आणि तेही स्वतःच्या आईला.

ओदिलने डोळे मिटून घेतले.

"नवऱ्याचं नाव गुणाजी," वासंती म्हणाली. आवाज आपला नाहीच असं तिला वाटलं. "घरात लाडाने त्याला रावजी म्हणत."

टाळ्या पडल्या. उंच बाईंनी हातातल्या कागदावर खूण केली.

रावजीला इंग्रजी येत होतं, फ्रेंच येत होतं. त्याने ऐकलं. तो वळून काचेच्या खोलीकडे बघत राहिला. आणि तेवढ्यात ध्वनिक्षेपक पुन्हा बोलला.

"आता तुमी घ्या बगू माजा नाव."

यंत्राला डोळे नव्हते, समोर कोण बसलंय हे त्याला माहीत नव्हतं. ध्वनिफितीत गोदावरी आपल्या लग्नाची गोष्ट सांगत होती, तेव्हा उखाण्याच्या मागोमाग तिने उशाशी बसलेल्या नवऱ्याकडे वळून हेच म्हटलं होतं. लग्नात रावजी लाजून नाव न घेताच उठला होता आणि तिने पन्नास वर्षं त्यावरून त्याला छळलं. त्या दुपारीही तो नुसता हसला होता. वासंतीला हे सगळं ठाऊक होतं, आणि तरीही तिला वाटलं की आई त्याच्याकडेच बघते आहे.

"घ्या की."

रावजी उभा राहिला. समोरचा कठडा त्याने दोन्ही हातांनी धरला. कॅमेरे त्याच्याकडे वळले. वंशजाला गहिवर आला असं त्यांना वाटलं. त्याचे ओठ हलत होते. तो शब्द जुळवत होता, हे वासंतीला दुरून दिसत होतं. दोन ओळी आणि शेवटी एक नाव. ते नाव घेतलं असतं तर पन्नास वर्षांचं देणं फिटलं असतं, बायको बायकोच राहिली असती, आणि त्याच क्षणी कायमची पुसली गेली असती. त्याच्या मागच्या रांगांत पोंत-कोकोची माणसं बसली होती, मराठी आणि क्रेओल, पोराबाळांना घेऊन आलेली. त्याने एकदा मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं.

मग तो खाली बसला.

"लाजतत," ध्वनिक्षेपक हसून म्हणाला. "पयल्यापास्ना असाच हाय."

हेही वासंतीला सांगावं लागलं. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये. सभागृह खळखळून हसलं आणि कित्येकांनी डोळे पुसले.

परिषदेने हो म्हटलं. वर्षभरात पोंत-कोकोच्या किनाऱ्यावर दगड पडू लागले आणि पुढच्या भरतीला समुद्र पहिल्यांदाच गावाबाहेर थांबला. ओदिलच्या घराला नवा रंग लागला. रत्नागिरीहून एका प्राध्यापकांचं पत्र आलं, गुणाजीला रावजी का म्हणत असतील म्हणून. वासंतीने त्यांना लांबलचक, सुंदर आणि संपूर्ण खोटं उत्तर पाठवलं. भागीचा आवाज राष्ट्राचा ठेवा ठरला. घरचा डबा सरकारी माणसं येऊन घेऊन गेली आणि पोर्ट लुईच्या धक्क्यावर त्या आवाजासाठी एक दालन बांधलं. तिथे कुणीही जाऊन तिला काहीही विचारू शकत असे. शाळेच्या सहली जायच्या. पोरं हटकून नवऱ्याचं नाव विचारायची. ती आढेवेढे घ्यायची, मग रावजीचं नाव घ्यायची आणि वर म्हणायची, आता तुमी घ्या. पोरं हसत सुटायची.

डबा गेला त्या दिवसापासून रावजी स्वयंपाकघरात पाऊल टाकेना. ताट ओटीवर आणून दिलं तर जेवायचा. लेकीवर रागावला नव्हता. "बरा केलास," एवढंच तो सभागृहातून परतताना म्हणाला होता, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं, हेच वासंतीला सोसवेना. शेवटी एका रविवारी तिने त्याचा कोट बाहेर काढला, गाडी दारात आणली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, चला. एकदा चला. सकाळी लवकर जाऊ, दालनात कुणी नसतं. दार मी बाहेरून धरते. तिथल्या नोकरांना मराठी कळत नाही, तुम्ही तिचं नाव घ्या, काय वाटेल ते बोला. ती रोज विचारते हो, रोज. परक्या पोरांना विचारते."

रावजीने कोटाची बाही हातात घेतली, तिच्यावरचा धागा काढला आणि कोट तिच्या हातात परत दिला.

"गुणाजीची बायको ती," तो म्हणाला. "परक्याच्या बायकोशी मी काय बोलू गो?"